डोव्हर हायस्कूलमधलं एका मिनिटाचं निवेदन : एक प्रकरण अभ्यास

सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत सृष्टी देवानं घडवली हे विज्ञान म्हणून शिकवायचं का, हा वाद अमेरिकेत शंभर वर्षं चालू आहे. त्यातलं मी सगळ्यात जास्त वेळा वाचलेलं प्रकरण म्हणजे पेनसिल्व्हेनिया राज्यातलं डोव्हर, २००४-०५ सालचं. मी स्वतः नववी-दहावीला विज्ञान शिकवते, त्यामुळे हे वाचताना माझं लक्ष कोर्टापेक्षा स्टाफरूमकडे जास्त जातं, आणि इथे लिहितानाही तसंच होणार. निकालपत्र जाहीर आहे, साक्षी जाहीर आहेत. तरी गावातल्या पालकांची, शिक्षकांची आणि बोर्डावरच्या लोकांची नावं मुद्दाम घेत नाहीये, त्यांच्या पदावरून बोलते. जज आणि तज्ज्ञ साक्षीदार यांची नावं मात्र येतील.

पार्श्वभूमी

डोव्हर हे यॉर्क काउंटीमधलं ग्रामीण वळणाचं गाव. तिथल्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये साधारण ३७०० मुलं, त्यातली हजारेक हायस्कूलला. आपल्याकडे पुस्तक बालभारती किंवा एनसीईआरटी ठरवते, तिथे मात्र राज्य फक्त स्टँडर्ड्स देतं आणि कुठलं पुस्तक घ्यायचं, काय नियम करायचा हे गावातून निवडून आलेलं स्कूल बोर्ड ठरवतं. डोव्हरचं बोर्ड नऊ जणांचं. शाळा करदात्यांच्या पैशावर चालते, म्हणजे ती सरकारचाच भाग, आणि सरकारनं कुठल्याही धर्माची बाजू घ्यायची नाही असं अमेरिकन राज्यघटनेची पहिली दुरुस्ती सांगते. सगळं प्रकरण या एका वाक्याभोवती फिरतं.

कायद्याचा इतिहास थोडक्यात सांगते कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. १९२५ मध्ये टेनेसीतल्या डेटन गावात स्कोप्स नावाच्या शिक्षकाला उत्क्रांती शिकवली म्हणून १०० डॉलर दंड झाला (तो पुढे तांत्रिक कारणावरून रद्द झाला). १९६८ मध्ये सुप्रीम कोर्टानं उत्क्रांती शिकवायला बंदी घालणारा आर्कान्सॉचा कायदा रद्द केला. मग दुसरा मार्ग निघाला, की बंदी नको, पण सृष्टिवादालाही, म्हणजे सृष्टी देवानं घडवली या मतालाही, सारखाच वेळ द्या. तो लुइझियानाचा कायदा १९८७ मध्ये सुप्रीम कोर्टात पडला, कारण त्यामागचा हेतू धार्मिक होता. त्यानंतर ‘इंटेलिजंट डिझाइन’ हे नाव पुढे आलं. सजीवांमधल्या काही रचना इतक्या गुंतागुंतीच्या आहेत की त्या टप्प्याटप्प्यानं होऊच शकत नाहीत, कुणीतरी बुद्धिमान रचनाकार असला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं, फक्त तो रचनाकार कोण हे सांगायचं नाही.

अडचण कशी वाढत गेली

बातम्यांमध्ये हे प्रकरण ऑक्टोबर २००४ पासून सुरू होतं, पण निकालपत्र वाचलं तर ते त्याच्या बरंच आधी सुरू झालेलं दिसतं. जानेवारी २००२ आणि मार्च २००३ च्या बोर्डाच्या बैठकांमध्ये पुढे अध्यक्ष झालेल्या सदस्यानं सृष्टिवादाचा विषय काढलेला होता. २००२ मध्येच सायन्सच्या वर्गात एका विद्यार्थ्यानं काढलेलं मोठं चित्र होतं, वानरसदृश पूर्वजापासून माणसापर्यंतचा प्रवास दाखवणारं, ते डिस्ट्रिक्टच्याच कर्मचाऱ्यानं बाहेर काढून जाळून टाकलं. मुलानं शाळेला दिलेलं चित्र शाळेच्या माणसानं जाळलं, याचं मला प्रत्येक वेळी वाचताना वाईट वाटतं.

मग २००३ च्या शरद ऋतूत त्या सदस्याची आणि जीवशास्त्राच्या शिक्षकांची भेट झाली. उत्क्रांती शिकवलीत की मुलांना वाटतं घरी आईवडील खोटं सांगतायत, ही त्याची काळजी. एका ज्येष्ठ शिक्षिकेनं समजावलं की आम्ही जीवाची पहिली सुरुवात कशी झाली ते शिकवत नाही, एका जातीपासून दुसऱ्या जाती कशा होतात ते शिकवतो. भेट गोडीत संपली, कुणी आदेश दिला नाही, काही लेखी नाही. पण त्यानंतर त्या शिक्षिकेनं आपला एक उपक्रम बंद केला. त्या मुलांकडून कॉरिडॉरमध्ये उत्क्रांतीची टाइमलाइन करून घ्यायच्या, कोट्यवधी वर्षांत कुठले जीव कधी आले ते मुलं चालत चालत बघू शकतील अशी. ती थांबली. माझ्या मते या प्रकरणातला पहिला निर्णय हाच, आणि तो बोर्डानं घेतलेलाच नाही, एका चांगल्या शिक्षिकेनं शांतता राहावी म्हणून स्वतःच घेतला.

जून २००४ मध्ये नवीन जीवशास्त्राचं पुस्तक घ्यायचं होतं, केनेथ मिलर आणि जोसेफ लेव्हीन यांचं, देशभर खूप शाळांमध्ये चालणारं. बोर्डाच्या अभ्यासक्रम समितीचा अध्यक्ष म्हणाला की हे पुस्तक डार्विनवादानं भरलेलं आहे. त्याच महिन्यातल्या बैठकीत तो असंही बोलला की दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी क्रुसावर आपल्यासाठी जीव दिला, त्याच्यासाठी कुणी उभं राहणार नाही का. स्थानिक पेपरांचे दोन वार्ताहर तिथे होते आणि त्यांनी ते छापलं. हे वाक्य पुढे कोर्टात बोर्डाला फार महागात पडलं.

पर्याय काय काय होते

बोर्डापुढे सरळ पर्याय होता, शिक्षकांनी मागितलेलं पुस्तक घ्या आणि विषय संपवा. ऑगस्टमध्ये मतदान झालं तेव्हा ४-४ अशी कोंडी झाली, समिती अध्यक्षाची अट होती की ‘ऑफ पांडाज अँड पीपल’ हे इंटेलिजंट डिझाइनचं पुस्तक सोबत घेणार असाल तरच मत देतो. शेवटी एकानं मत बदललं आणि शिक्षकांचं पुस्तक ५-३ नं मंजूर झालं. इथे थांबता आलं असतं. मुलांना पुस्तक मिळालं होतं आणि शाळा सुरू व्हायची होती.

दुसरा पर्याय, पांडाजच्या प्रती नुसत्या संदर्भासाठी ठेवणं. याला शिक्षक नाइलाजानं का होईना पण तयार झाले होते, वर्गात शिकवायला लावू नका एवढंच त्यांचं मागणं. तिसरा पर्याय सिएटलच्या डिस्कव्हरी इन्स्टिट्यूटचा, जी संस्था इंटेलिजंट डिझाइनचा सगळ्यात मोठा पुरस्कार करते. त्यांचं धोरण होतं की उत्क्रांतीवरचे आक्षेप शिकवा पण इंटेलिजंट डिझाइन सक्तीचं करू नका. डिसेंबर २००४ मध्ये तर त्यांनी जाहीरपणे सांगितलं की डोव्हरनं हे धोरण मागे घ्यावं. म्हणजे ज्यांचा विचार पुढे न्यायचा होता तेच नको म्हणत होते.

आणि बोर्डाचा स्वतःचा वकील. त्यानं ऑगस्टमध्येच ईमेलवर कळवलं होतं की शाळेत धर्म परत आणायची गावात गेली काही वर्षं जी चर्चा चालू आहे ती खटला झाला तर आपल्या विरोधात जाईल. अमेरिकेत नागरी हक्काच्या खटल्यात सरकारी संस्था हरली तर समोरच्या वकिलांची फी तिलाच द्यावी लागते. मिशिगनमधलं थॉमस मोर लॉ सेंटर बोर्डाची केस फुकट लढायला तयार होतं, पण ते फुकट फक्त स्वतःच्या बाजूचं, हरल्यावरचं बिल गावाचं. हा हिशोब बोर्डानं नीट मांडलेला कुठे दिसत नाही.

काय केलं

ऑक्टोबरच्या सुरुवातीला पांडाजच्या ६० प्रती शाळेला निनावी देणगी म्हणून आल्या. १८ ऑक्टोबर २००४ ला बोर्डानं ६-३ नं ठराव केला, की मुलांना डार्विनच्या थिअरीतल्या त्रुटी आणि इंटेलिजंट डिझाइनसह इतर थिअरींची जाणीव करून दिली जाईल. नेहमीची पद्धत अशी की विषय आधी एका बैठकीत चर्चेला येतो, पुढच्या बैठकीत मतदान. या वेळी ती पाळली नाही, अभ्यासक्रम सल्लागार मंडळालाही बाजूला ठेवलं. विज्ञानाचे शिक्षक उभे राहून विरोधात बोलले. बोर्डावरच्या एका जोडप्यानं, दोघंही सदस्य होते, त्याच रात्री राजीनामा दिला. आणि ठरावाच्या बाजूनं मत देणाऱ्यांपैकी काहींना इंटेलिजंट डिझाइन म्हणजे नेमकं काय हे सांगता येत नव्हतं, हे पुढे साक्षीत निघालं, त्यांनी समितीवर विश्वास ठेवून हात वर केला होता.

ठरावाची अंमलबजावणी म्हणून नववीच्या जीवशास्त्राच्या वर्गात वाचायचं एक निवेदन तयार झालं, वाचायला जेमतेम मिनिटभर लागेल असं. त्याचा सारांश असा: राज्याच्या परीक्षेसाठी डार्विनची थिअरी शिकावी लागते. ती थिअरी आहे, फॅक्ट नाही. तिच्यात पुरावा नसलेल्या जागा आहेत. इंटेलिजंट डिझाइन हे वेगळं स्पष्टीकरण आहे, पांडाज पुस्तक उपलब्ध आहे, मन मोकळं ठेवा, आणि जीवाच्या उगमाची चर्चा मुलांनी आपल्या घरच्यांशी करावी. शिवाय मुलांनी त्यावर प्रश्न विचारायचे नाहीत, असं ठरलं.

इथे थोडं थांबते, कारण ‘ती फक्त थिअरी आहे’ हे वाक्य माझ्या वर्गातही दर वर्षी येतं. आपण बोलताना म्हणतोच ना, थिअरी सोड, प्रॅक्टिकलचं बोल. त्या अर्थानं थिअरी म्हणजे कागदावरचं, अंदाज. पण आपल्या विज्ञानाच्या पुस्तकात त्याला सिद्धांत म्हणतात, आणि सिद्धांत म्हणजे पुराव्यानिशी जे शेवटी सिद्ध होतं ते. ‘उत्क्रांतीचा फक्त सिद्धांत आहे’ असं मराठीत म्हणून बघा, वाक्य जीभेवर अडकतं. गुरुत्वाकर्षण, अणू, रोगजंतू या सगळ्यांचे सिद्धांतच आहेत. डोव्हरचं निवेदन त्या एका शब्दाच्या दोन अर्थांवर उभं होतं, आणि चौदा वर्षांच्या मुलाला तो फरक कळायला जो प्रश्न विचारावा लागतो तोच विचारायला मनाई होती.

डिसेंबरच्या १४ तारखेला अकरा पालकांनी फेडरल कोर्टात दावा लावला. त्यांच्यापुढेही पर्याय होते. नोव्हेंबर २००५ मध्ये बोर्डाची निवडणूक होतीच, थांबून मतपेटीतून उत्तर देता आलं असतं. पण निवेदन जानेवारीत वाचलं जाणार होतं, आणि तोपर्यंत नववीची एक पूर्ण बॅच ते ऐकून पुढे गेली असती. त्यांनी दोन्ही केलं, कोर्टही आणि निवडणूकही. मला हा निर्णय बरोबर वाटतो.

६ जानेवारी २००५ ला विज्ञान शिक्षकांनी लेखी कळवलं की आम्ही हे वाचणार नाही. त्यांनी राज्याच्या शिक्षक आचारसंहितेचा आधार घेतला, शिक्षकानं जाणूनबुजून विषयाचं चुकीचं चित्र मांडायचं नाही असं ती सांगते. इंटेलिजंट डिझाइन विज्ञान नाही, जीवशास्त्र नाही, मान्य झालेला वैज्ञानिक सिद्धांत नाही, हे त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिलं. नोकरी त्याच बोर्डाच्या हातात असताना. शेवटी १८ जानेवारीला अधिकारी स्वतः वर्गात जाऊन निवेदन वाचून आले.

कोर्टात काय झालं

२६ सप्टेंबर ते ४ नोव्हेंबर २००५, हॅरिसबर्ग. ज्युरी नव्हती, निर्णय एकट्या जज जॉन जोन्स (तिसरे) यांचा. ते रिपब्लिकन, जॉर्ज बुश यांनी २००२ मध्ये नेमलेले, त्यामुळे बऱ्याच लोकांनी आधीच धरून चाललं होतं की निकाल बोर्डाच्या बाजूनं लागेल.

पालकांच्या बाजूनं पहिले साक्षीदार केनेथ मिलर, त्याच पाठ्यपुस्तकाचे लेखक, ब्राउन युनिव्हर्सिटीतले जीवशास्त्रज्ञ आणि श्रद्धाळू कॅथलिक. जॉन हॉट हे धर्मशास्त्राचे अभ्यासकही पालकांच्याच बाजूनं उभे राहिले. वकिलांची ही निवड फार महत्त्वाची होती कारण त्यामुळे खटला देव विरुद्ध विज्ञान असा राहिलाच नाही.

बोर्डाच्या बाजूचे मुख्य साक्षीदार लिहाय युनिव्हर्सिटीचे बायोकेमिस्ट मायकेल बिही. त्यांचा मुद्दा ‘न तोडता येणारी गुंतागुंत’, एक भाग काढला की सगळं बंद पडतं, उदाहरण जिवाणूचं शेपूट, रक्त गोठणं, रोगप्रतिकारशक्ती. उलटतपासणीत त्यांच्यापुढे रोगप्रतिकारशक्तीच्या उत्क्रांतीवरचे ५८ शोधनिबंध आणि ९ पुस्तकं असा ढीग ठेवला, तर ते म्हणाले हे पुरेसं नाही. विज्ञानाच्या त्यांच्या व्याख्येत ज्योतिष बसेल का असं विचारल्यावर, बसेल असं त्यांना मान्य करावं लागलं.

पण सगळ्यात भक्कम पुरावा आणला तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक बार्बरा फॉरेस्ट यांनी. त्यांनी पांडाजचे जुने मसुदे शोधले आणि ओळीला ओळ लावून दाखवलं की १९८७ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर ‘क्रिएशन’ आणि त्याची रूपं सुमारे १५० ठिकाणी बदलून तिथे इंटेलिजंट डिझाइन घातलंय, व्याख्या मात्र तीच. एका मसुद्यात तर जुना ‘क्रिएशनिस्ट्स’ शब्द अर्धवट पुसला गेला आणि त्याच्या पोटात ‘डिझाइन प्रोपोनंट्स’ घुसून एक न वाचता येणारा जोडशब्द राहून गेला होता.

आणि पैशाची गोष्ट. ती निनावी देणगी समिती अध्यक्षाच्या चर्चमध्ये जमा केलेल्या पैशातून आली होती, ८५० डॉलरचा चेक बोर्ड अध्यक्षांच्या वडिलांच्या नावानं लिहिलेला. आधीच्या शपथेवरच्या जबाबात दोघांनीही हे सांगितलं नव्हतं. जजनी स्वतः अध्यक्षांना साक्षीच्या वेळी यावर प्रश्न विचारले. सृष्टिवाद हा शब्द मी वापरलाच नाही असं म्हणणाऱ्या समिती अध्यक्षाची तो शब्द वापरतानाची टीव्ही मुलाखत कोर्टात लावली गेली.

निकाल आणि त्यानंतर

८ नोव्हेंबरला निवडणूक झाली. नऊपैकी आठ जागा होत्या, आठही जुने सदस्य पडले. २० डिसेंबरला १३९ पानी निकाल आला: इंटेलिजंट डिझाइन विज्ञान नाही, ते सृष्टिवादापासून वेगळं काढता येत नाही, धोरण घटनाबाह्य. जजनी हेही लिहिलं की उत्क्रांती मानली की देव नाकारावाच लागतो हे गृहीतकच चुकीचं आहे, आणि श्रद्धेबद्दल इतक्या अभिमानानं बोलणारे लोक वारंवार खोटं बोलले हे खेदाचं आहे. निकालानंतर जजना धमक्या आल्या, संरक्षण द्यावं लागलं.

वकिलांचा खर्च वीस लाख डॉलरच्या वर निघाला होता, तडजोडीत १० लाख ११ डॉलर ठरला. वरचे ११ डॉलर म्हणजे अकरा पालकांना प्रत्येकी एक. हा भार स्कूल डिस्ट्रिक्टवर पडला.

नवीन बोर्डानं अपील केलं नाही. गावासाठी ते योग्यच, पण त्यामुळे प्रकरण वरच्या कोर्टात गेलंच नाही आणि निकाल बाकी देशावर बंधनकारक झाला नाही, नुसता दाखल्यासारखा वापरला जातो. शिवाय २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं मैदानावर प्रार्थना करणाऱ्या ब्रेमर्टनच्या शाळेतल्या फुटबॉल कोचच्या केसमध्ये धर्म आणि सरकार यांच्याबद्दलची ‘लेमन’ नावाची जुनी कसोटी सोडून दिली. डोव्हरच्या निकालात वापरलेल्या कसोट्यांपैकी ती एक होती. म्हणजे उद्या असाच खटला आला तर वकिलांना वेगळ्या वाटेनं जावं लागेल.

वेगळं काय करता आलं असतं

बोर्डानं ऑगस्टमध्ये थांबायला हवं होतं हे उघड आहे, त्यावर जास्त लिहीत नाही. मला शिक्षकांबद्दल बोलायचंय, आणि ते बोलताना त्यांच्याबद्दलचा आदर तसूभरही कमी नाही. दीडेक वर्ष ते एकेक पाऊल मागे घेत राहिले. टाइमलाइन बंद केली, इंटेलिजंट डिझाइनवाल्यांची डीव्हीडी बसून पाहिली, पांडाज संदर्भाला चालेल म्हणाले. प्रत्येक वेळी वाटलं एवढ्यावर भागेल. जे जानेवारी २००५ मध्ये लेखी दिलं ते २००३ च्या त्या भेटीनंतर लगेच चार ओळींत देता आलं असतं: आम्ही काय शिकवतो, राज्याचं स्टँडर्ड काय, आणि आम्ही काही बदलणार नाही आहोत. मुख्याध्यापकांची सही, फाइलला कॉपी. तोंडी काळजीला तोंडी उत्तर दिलं की ते हवेत राहतं.

दुसरं म्हणजे त्या सदस्याची मूळ काळजी, घरी आणि शाळेत मुलाला दोन वेगळ्या गोष्टी ऐकू येतात, ही काळजी कित्येक पालकांची खरीच असते, तिला चूक म्हणून उडवून लावू नये. पालकांना एका संध्याकाळी बोलावून मिलर यांच्यासारखा माणूस, जो रविवारी चर्चला जातो आणि सोमवारी उत्क्रांती शिकवतो, समोर बसवला असता तर निदान काही जण तरी निवांत झाले असते. हे काम कोर्टात झालं, पण तोपर्यंत गावात दोन तट पडले होते.

आपल्याकडचा धागा

राज्यघटनेच्या कलम २८ नुसार पूर्णपणे सरकारी पैशावरच्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही आणि कलम ५१-अ मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन हे नागरिकाचं कर्तव्य आहे. तरी जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास (म्हणजे शिक्षण खात्याचे) राज्यमंत्री सत्यपाल सिंह औरंगाबादला म्हणाले की डार्विनचा सिद्धांत वैज्ञानिकदृष्ट्या चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलं नाही, अभ्यासक्रम बदलायला हवा. शास्त्रज्ञांनी तेव्हा जोरदार विरोध केला, सरकारनंही अंतर ठेवलं.

२०२३ मध्ये मात्र एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला, ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या धड्याचं नाव नुसतं ‘आनुवंशिकता’ झालं. कारण दिलं कोविडनंतर मुलांवरचा भार कमी करण्याचं, आणि बारावीच्या जीवशास्त्रात तो भाग आहेच असं सांगितलं गेलं. १८०० हून जास्त शास्त्रज्ञ-शिक्षकांनी खुलं पत्र लिहिलं. याला सृष्टिवाद शिकवणं म्हणता येणार नाही, तसं कुणी काही पुस्तकात घातलेलं नाही. पण डोव्हरशी तुलना करताना मला हेच जास्त अवघड वाटतं. तिथे ठराव होता, ६-३ मतं होती, इतिवृत्त होतं, वाचून दाखवलेलं निवेदन होतं, म्हणून अकरा पालकांना बोट ठेवायला जागा मिळाली. इथे जे नाहीच त्यावर पालक बोट कुठे ठेवणार, आणि दहावीनंतर बायोलॉजी न घेणाऱ्या मुलाला तर ते नव्हतं हे कळणारही नाही.

आपल्या स्टेट बोर्डाच्या दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ आहे, पुरावे, नैसर्गिक निवड, मानवी उत्क्रांती सगळ्यासकट. तुमचं मूल सीबीएसईला असेल तर तो धडा बालभारतीच्या साइटवरून फुकट डाउनलोड होतो, मराठीत. मी वर्गात तो शिकवताना यंदापासून कॉरिडॉरमध्ये टाइमलाइन करून घेणार आहे.